पोटात गेलं तेवढंच

शेवंताताई कुणाच्याही घरात शिरल्या की आधी जमिनीकडे बघत. मूल जेवून उठलेलं असलं, तर त्याच्या भोवतीची शितं, भाकरीचे तुकडे तळहातावर वेचून घेत, त्याचं झबलं झटकत आणि जमलेलं सगळं माझ्या वजनकाट्यावर ठेवत. "लिवा म्याडम, हे वजा. पोटात गेलं तेवढंच खाल्लं म्हनायचं."

मी दौंडची. आहारशास्त्राची पदवी घेऊन नुकतीच नोकरीला लागले होते. दोन वर्षांखालची मुलं दिवसभरात काय नि किती खातात, त्यातून त्यांना पुरेशी प्रथिनं, लोह मिळतं का, हे शिरूर तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवर मोजायचं, हे माझं काम. इनामगावच्या अलीकडच्या एका वस्तीवर शेवंताताई अंगणवाडी चालवायच्या. ठेंगण्या, चालायला झपाझप, तोंडानं फटकळ. वस्तीतल्या निम्म्या बापांना त्यांनी लहानपणी खिचडी भरवली होती, त्यामुळे त्यांना उलटून बोलायची कुणाची टाप नव्हती. यंदा त्या निवृत्त झाल्या, म्हणून आज हे लिहायला बसले.

माझ्या तक्त्यांचा मला फार गर्व होता. कुणी "एक वाटी भात" म्हणालं की मी लगेच लिहून घ्यायची. ताई माझं पेन धरून ठेवायच्या. "कुठली वाटी? आहेराची का देवापुढली? आनून दावा." भाकरीचं तसंच. "आवं, हिच्या सासूची भाकरी म्हंजी परात, आन् हिची म्हंजी पुरी. एक भाकरी लिवून काय कळनार?" मी मनातल्या मनात चडफडायची आणि खोडून पुन्हा लिहायची.

पावणेदोन वर्षांच्या आरोहीचं वजन दोन महिने जागचं हललं नव्हतं. तिसऱ्या महिन्यातही तेच राहिलं असतं, तर तिला आईसकट तालुक्याच्या दवाखान्यात ठेवावं लागणार होतं. तिच्या आईला, अर्चनाला, दवाखान्याची भीती नव्हती. भीती लोकांच्या बोलण्याची होती. आईच पोरीला उपाशी ठेवते, अशी कुजबुज नळावर आधीच सुरू झाली होती. "ताई, वाटीभर वरनभात देते. वाटी रिकामीच येती माघारी. देवाशप्पथ," ती रडवेली होऊन सांगायची. माझा तक्ताही तेच म्हणत होता. कागदावर आरोही उत्तम जेवत होती. मी म्हटलं, रक्त तपासायला हवं. ताई म्हणाल्या, "आधी एक दिस बसू की तिच्यापाशी."

सकाळी सातलाच आम्ही आरोहीच्या घरच्या ओट्यावर जाऊन बसलो. अकराच्या सुमारास, वाटी बाहेर यायच्या आधीच, पाच कोंबड्या पायरीपाशी येऊन उभ्या राहिल्या. ताईंनी मला कोपर मारलं. "जेवायची येळ पोरीची, आन् पंगत ह्यांची कशी?" वाटी आली. अर्चना धुणं धुवायला मागे गेली. आरोहीनं दोन घास खाल्ले आणि मग एकेका कोंबडीला न चुकता एकेक मूठ वाढली. वाटी खरोखरच रिकामी झाली. दोन आठवडे मी कोंबड्यांचा आहार लिहीत होते! मला हसू आवरेना. परत आलेल्या अर्चनानं कपाळाला हात लावला.

पण पोरीला भूक का नव्हती? ताईंनी ते सकाळपासून पाहिलं होतं. तिचे आजोबा, आप्पा, दर चहाला तिला मांडीवर घेत आणि बशीत बिस्किटं बुडवून भरवत. अकरापर्यंत चार वेळा. अर्चनाला हे माहीत होतं, पण त्या घरात सुनेनं आप्पांना काही सांगायची पद्धत नव्हती. मी समजवायला उठले, तर ताईंनी ओढणी धरून मला खाली बसवलं. "तुमी नका. शिकल्याली मानसं बोलाय लागली का आप्पांना झोप येती."

त्या स्वतः गेल्या. "आप्पा, एक काम हाय. तुमच्याबिगर कुनाला जमायचं न्हाई. नातीला दोन्ही वक्ताला तुमच्या ताटात जेवाय घ्या. आन् ती भुकेली पाहिजे बरं का, चा-बिस्कुट बंद." आप्पा खूश झाले. खरी पंचाईत दुसऱ्या दिवशी झाली, कारण त्यांचं ताट तिखटजाळ. नातीसाठी त्यांच्याही पुढ्यात दुधात कुस्करलेली भाकरी, आळणी वरण आणि उकडलेलं अंडं येऊ लागलं. "शेवंता, नात जगंल, पन मी मरंन हे खाऊन," ते कळवळून म्हणाले. "मरा की, पन आधी वजन हू द्या!"

वजनाच्या दिवशी अंगणवाडी बायकांनी भरली होती. आप्पा नातीला कडेवर घेऊन स्वतः आले. मी दोनदा काटा बघितला, मग मोठ्यानं आकडा वाचला. साडेतीनशे ग्रॅम वाढ! अर्चनानं तोंडाला पदर लावला. आप्पा जायला वळले, थांबले, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ऐका गं समद्या. पोर माझ्या चहापायी उपाशी ऱ्हात व्हती. सूनबाईची कायबी चुकी नव्हती."

अर्चना आता उघड्यावर, पदर बाजूला करून रडत होती. माझेही डोळे भरून आले, म्हणून मी तक्त्यात डोकं घातलं. ताईंनी तो माझ्या हातातून काढून घेतला आणि आरोहीला माझ्याकडे दिलं.

"लिवायचं मागनं लिवा. आधी घेऊन बघा, जड लागती का."

लागली. चांगलीच जड लागली.