मूळचाच स्विच

आईला तिच्या पहिल्या मुलाचा चेहरा एकदा बघायचा होता. माझ्या जन्माआधी, दीड वर्षाचा असताना तो तापाने गेला. ती सारखी फोटो घेऊन रडते म्हणून आजोबांनी त्याचा एकुलता एक फोटो त्याच्या कपड्यांबरोबर उल्हास नदीत सोडून दिला. आमच्याकडे तेव्हा तसंच करत. वडिलांनी मात्र निगेटिव्ह लपवली होती. ते गेल्यावर त्यांच्या अंबरनाथच्या कंपनीच्या कागदांत ती सापडली.

बदलापूरला माझा फोटो स्टुडिओ होता. तो बंद करताना फिल्म स्कॅनर तेवढा घरी आणला होता. नेमका त्याचाच पॉवर स्विच बिघडला. दाबून धरला की दिवा लागायचा, बोट काढलं की विझायचा. उल्हासनगरला चार नंबर कॅम्पातल्या म्हाताऱ्या सिंधी मेकॅनिकने तो उघडून आतली पट्टी दाखवली. जळून काळी पडली होती.

"साईं, ये स्विच अब नहीं आता. दूसरा बिठा दूँ? बॉडी थोडी काटनी पड़ेगी."

मी मशीन उचललं आणि तडक घरी आलो. इतकी वर्षं जपलेल्या मशीनला हा बाबा करवत लावणार! मला मूळचाच स्विच हवा होता. दुसरीकडून स्कॅन करून आणणं तर मनातही आलं नाही. जन्मभर लोकांच्या फिल्मा मी स्कॅन केल्या, आता घरची फिल्म घेऊन दुसऱ्याच्या काउंटरवर उभा राहू? नाक फार वर होतं माझं.

आई अधूनमधून विचारायची, "मिळाला का रे तुझा स्विच?" मी म्हणायचो, मिळेल. अशी दोन वर्षं गेली. तिला काचबिंदू होता. डोळ्यांत रोज थेंब घालतोय ना, म्हणून मी निर्धास्त होतो. एके सकाळी ती भिंत चाचपत चहाला आली. गेलेली नजर परत येत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं.

मग मी त्याच मेकॅनिककडे गेलो. त्याने बॉडी कापली, साधा स्विच बसवला, दोन वायरींना डाग दिला. वीस मिनिटं लागली. स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

घरी आईला शेजारी बसवून निगेटिव्ह स्कॅन केली. स्क्रीनवर चेहरा उमटला.

"कसा दिसतो रे?"

"तुझ्यासारखा. कपाळ तर तुझंच."

"आणि काय करतोय?"

पोर तोंड वासून रडत होतं. मला ते सांगवेना.

"हसतोय," मी म्हणालो.

आई म्हणाली, "मग तो नव्हे. त्या दिवशी शेवटपर्यंत रडत होता तो. फोटोवाल्याने खुळखुळा वाजवला तरी थांबला नाही. तुझ्या वडिलांनी भलत्याचीच निगेटिव्ह ठेवली."

"आई, खोटं बोललो मी. रडतोयच तो. काजळ गालभर पसरलंय बघ."

बघ म्हणालो आणि जीभ चावली.

"राहू दे," ती म्हणाली. "आता माझं मन राखायला सांगतोयस. बंद कर ते."

मी तिला हात देऊन उठवलं. स्क्रीनवर तो तसाच रडत होता, आणि तो तोच आहे हे तिला पटवून देणारं घरात दुसरं कुणी उरलं नव्हतं.