पायऱ्यांचे गुण

अंगणवाडीतली एक मदतनीस बाहेरून दहावीला बसली होती. पास झाली असती तर सेविका झाली असती. गणितात दोन गुणांनी गेली. उत्तरपत्रिकेची झेरॉक्स घेऊन ती शाळेतल्या सरांना विचारत होती, "उत्तर बरोबर ना, सर?"

"बरोबर आहे, ताई. पण पायऱ्या कुठायत? उत्तर आलं कुठून?"

"डोक्यातून. रोज चाळीस पोरांचा खाऊ मी कागदावर मांडून वाटते काय?"

सर हसले. उत्तर चुकलं तरी पायऱ्यांचे गुण मिळतात. ज्याला मांडणी येते त्याची चूकही पदरात घेतात. इतरांचं खरंही संशयास्पद ठरतं.

तिने तिथेच पेन मागून झेरॉक्सच्या मागच्या कोऱ्या बाजूवर उदाहरण सोडवलं, 'समजा, क्ष'पासून शेवटपर्यंत. सरांनी एकेक ओळ वाचली. "आता पूर्ण गुण," ते म्हणाले आणि झेरॉक्स तिला परत दिली.