जावईबापूंना कळू न देता

घरात डॉक्टर जावई असला की माणसाने आजारी पडू नये, असं माझं अनुभवाचं मत आहे.

महाराष्ट्र राज्य तेव्हा नवं होतं, आणि माझ्या बहिणीचे, शांतेचे, यजमान मेहकरात नवे डॉक्टर. जानेफळात आमच्या घराची मान ताठ! अशातच एका सकाळी आबा, म्हणजे माझे वडील, विहिरीवर स्वतःचं धोतर धुताना दिसले. (आबांनी जन्मात कधी रुमाल धुतला नव्हता.) पाणी लालसर होतं. थोरले काका दोन वर्षांपूर्वी असंच रक्त लपवत लपवत आतड्याच्या कॅन्सरनं गेले होते.

"आबा, आजच मेहकरले चला. जवाईबापू पाहतीन."

"मांडवात ज्याचे पाय धुतले, त्याच्यापुढं धोतर सोडू? अक्कल हाय का बे तुले?"

"मंग दुसऱ्या डॉक्टरले दाखवू."

"अन् घरचा डॉक्टर सोडून परक्याकडं गेलो म्हून जवाईबापू रुसले तं? पोरीले कोन नांदवीन?"

असे दोन महिने गेले! शाळेत मी पोरांना आरोग्याचा धडा शिकवायचो, 'यात लाजायचं काय?' असं टेबलावर हात आपटून विचारायचो, आणि घरी एक म्हातारा मला हलत नव्हता. रोज सकाळी मी विहिरीवरच्या पाण्याचा रंग बघायचो.

शेवटी मलकापूर ठरलं. तिथलं कुत्रंसुद्धा आम्हाला ओळखत नव्हतं. कोणी विचारलंच तर बाजाराचं सांगायचं, म्हणून मळ्यातल्या वांग्यांची टोपली सोबत घेतली. पण एसटीत मलकापूरची तिकिटं काढतो न काढतो तोच मागच्या सीटवरून आमच्या गावचे पाटील म्हणाले, "वांगे मलकापूरले? मेहकरचा बाजार उठला का?"

आबा गडबडले. "नाई, पोराची तब्येत दाखवाची हाय."

"काऊन, मास्तर? काय झालं?"

मी आबांकडे बघितलं. आबा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "त्याले खालून रक्त जाते."

खामगाव येईपर्यंत अख्ख्या गाडीने मला इसबगोलापासून नवसापर्यंत सगळे उपाय सांगितले. एका म्हातारीने तर माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि डोळ्यांना पदर लावला!

दवाखान्यातही आबांनी तीच टेप लावली. डॉक्टरांसमोर बसताच त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

"किती दिवसांपासून रक्त जातं?" डॉक्टरांनी मला विचारलं.

"आबा, किती दिवस झाले?"

"दोन महिने."

"दुखतं का?"

"आबा, दुखते का?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. "रक्त मुलाचं आणि दुखणं वडिलांचं, असा आजार मी शिकलेलो नाही. दोघांपैकी कोणीतरी टेबलावर झोपा!"

आबा खाली मान घालून बसले. मग हळूच म्हणाले, "डॉक्टरसाहेब, तुमाले लग्नाचा पोरगा हाय का?"

"नाही. दोन मुली. दोघींची लग्नं झाली."

"नाई, माही एक पोरगी उजवाची हाय, म्हून इचारलं," असं म्हणून आबा निमूट टेबलावर चढले.

मी बाहेर बाकावर. आत नळी घातली होती, आणि मला काकांचं शेवटचं हाडकलेलं तोंड दिसत होतं. एवढी भीती मला पुन्हा कधी वाटली नाही. (निदान पुढची दहा मिनिटं तरी.)

डॉक्टर बाहेर आले. "आत बोराएवढा मांसाचा कोंब आहे. बिघडलेला दिसत नाही, काढून टाकू. वर्षभर आणखी लपवला असता, तर मात्र कठीण होतं."

मी तिथंच रडलो, आणि रडता रडता काकांचं सगळं सांगून टाकलं.

"रडणं झालं की आत या," डॉक्टर म्हणाले. "काका त्यानं गेले, वडिलांना हे निघालं. आता तुम्हालाही बघतो."

"मले? मले तं काहीच होत नाही!"

"म्हणूनच."

आबा धोतर नेसत होते. "झोप बे," ते म्हणाले, "मी हावो इथं."

बत्तीस वर्षांचा, दोन लेकरांचा बाप असलेला मी टेबलावर आडवा झालो, आबांचा हात दोन्ही हातांनी गच्च धरला, डोळे मिटले, आणि "मेलो! मेलो!" असा ओरडलो की बाहेरचे तीन पेशंट उठून घरी गेले.

डॉक्टर अजून कोपऱ्यात हात धूत होते.