तीस काडतुसं

परदेशात गेल्यावर पोरिरुआ गावात आम्ही घर घेतलं, तेव्हा शेजारी एक म्हातारे गृहस्थ एकटेच राहत. आयुष्यभर लेथवर काम केलेला माणूस. बायको जाऊन दोन वर्षं झाली होती आणि डोळ्यांचा पडदा झिजत चालला होता. मी जवळच्याच फार्मसीत फार्मासिस्ट, त्यामुळे त्यांची औषधं माझ्याच हातून जात.

एकदा कुंपणापाशी त्यांनी मला थांबवलं. "तू दिवसभर मोजमापच करतेस ना? मला एक काम आहे."

त्यांच्या शेडमध्ये एक रायफल तयार होती. दृष्टी ठीक होती तेव्हा नळी त्यांनी स्वतः कापून बसवली होती, दस्ता अक्रोडाचा. तिचं काडतूस मात्र कुठल्याच दुकानात मिळत नव्हतं, कारण ते कुठली कंपनी बनवतच नव्हती. दुसऱ्या जातीच्या काडतुसाची पितळी पुंगळी घेऊन, तिची मान साच्यात दाबून बारीक करून त्यांनी ते स्वतः घडवलं होतं. अशा काडतुसाला तिकडे रानमांजर म्हणतात. रायफल त्यांच्या मुलीसाठी होती. ती साउथ आयलंडला राहायची आणि हरणांच्या शिकारीच्या मोसमात बापाला घेऊन डोंगरात जायची. आता काडतुसात भरायची दारू तोलायच्या काट्यावरचे आकडे त्यांना दिसत नव्हते, म्हणून मी.

घरी सासूबाई पुण्याहून आल्या होत्या. "अगं, औषधं मोजतेस ते पुरे नाही का? आता बंदुकीची दारू?" मी म्हटलं, "आई, त्यांना दुसरं कोणी नाही."

शनिवारी दुपारी आम्ही बसलो. मी दारू तोलून पुंगळीत ओतायची, ते वरून गोळी दाबून बसवायचे. फारसं बोलणं नव्हतं. मध्येच कुंपणापलीकडून सासूबाईंची हाक आली, पुण्याचा फोन होता. मी घाईने उठले, बोलून परत आले आणि पुढे मोजत राहिले.

तिसावं काडतूस झाल्यावर माझं काट्याकडे नीट लक्ष गेलं. दांडीवरचं सरकतं वजन ठरवलेल्या खाचेच्या एक खाच पुढे होतं. उठताना माझा धक्का लागला असेल, किंवा आधीच कधीतरी. काडतुसं तर सगळी एकाच डब्यात, सरमिसळ झालेली.

दारू जास्त झाली तर रायफल हातातच फुटू शकते. त्यांना दिसलं नव्हतं. मी बोलले नसते तर कोणालाच कळलं नसतं, असं क्षणभर मनात येऊन गेलं. ते मी लपवत नाही.

"माझी चूक झाली," मी म्हटलं. "काहींत दारू जास्त गेली आहे. कुठल्या, ते सांगता येत नाही."

त्यांनी डब्यावर हात ठेवला.

मी विचारलं, "तोलून वेगळी काढता येतील का?"

"येतीलही," ते म्हणाले. "पण 'येतीलही'च्या भरवशावर माझ्या मुलीनं त्या दस्त्याला गाल टेकायचा?"

एवढंच. रागावले नाहीत. हातोडीसारखं एक हत्यार काढलं आणि एकेक काडतूस त्यात अडकवून लाकडावर आपटू लागले. आपटलं की गोळी सैल होऊन बाहेर यायची, मग मी दारू बशीत ओतायची. तीसच्या तीस रिकामी केली. नव्याने भरताना प्रत्येक आकडा मी मोठ्याने वाचला आणि प्रत्येक वेळी त्यांनी "पुन्हा वाच" म्हटलं.

एप्रिलमध्ये मुलगी आली. दोघं चार दिवस डोंगरात गेली. परतल्यावर ते स्वतः आमच्या दारात आले, एका हाताने मुलीचा दंड धरून. हरीण त्यांना दिसलं नव्हतं. मुलीने झाडलेल्या गोळीचा आवाज ऐकून ते जागच्या जागी उभे राहिले होते. मग तिने त्यांना जवळ नेलं आणि त्यांचा हात हरणाच्या मानेवर ठेवला. मान अजून गरम होती.

"एकच गोळी लागली," ते म्हणाले.

मुलीने माझ्याकडे पाहिलं. "त्या दुपारचं बाबांनी मला सांगितलंय. म्हणून तर दस्त्याला निर्धास्त गाल टेकवला."

मला मान वर करवेना. सासूबाईच पुढे झाल्या. म्हाताऱ्यांना हाताला धरून आत आणलं, खुर्चीत बसवलं आणि मला म्हणाल्या, "चहा टाक."