डाळिंबी मोटार

मोटारीवर जीव टाकणारा आणि मोटारीत न बसणारा माणूस निपाणीत एकच झाला, तो म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा, आक्काचा नवरा, आमचे दाजी. दाजी तंबाखूचे व्यापारी. बेळगावच्या कॅम्पातला एक साहेब विलायतेला परत चालला होता, त्याची डाळिंबी रंगाची मोटार त्यांनी घेतली. घेतली आणि लढाई लागली, पेट्रोल मिळेना. मोटार घराला लागून असलेल्या वखारीच्या अंगणात उन्हापावसात उभी राहिली. लढाई संपून पेट्रोल मिळायला लागलं तोवर तिचा रंग विटून खडूसारखा भुकटी होऊन सुटत होता. तरी दाजी म्हणाले, अमावास्येला आक्काला मोटारीनं स्तवनिधीच्या देवाला न्यायचं. आक्काचे गुडघे गेलेले, बैलगाडीचे हादरे तिला सोसत नव्हते, त्यामुळं तिचं देवदर्शन कधीचंच बंद पडलं होतं. ती ठेवणीतलं मोतिया इरकली लुगडं नेसून निघाली आणि चढताना दाराला टेकली. पदरावर हातभर डाळिंबी पट्टा उठला. गल्लीतल्या बायका फिदीफिदी हसल्या. दाजींना ते लागलं. सगळ्यांसमोर म्हणाले, "हात लावला तर बोटाला रंग लागणार न्हाय अशी गाडी करतो, मगच तुला बसवतो."

बेळगावच्या खासबागेतून एक मिस्त्री बोलावला. तो म्हणाला, आधी पालिशनं घासून वरचा मेलेला रंग काढायचा आणि लगेच वर मेण चढवायचं, मेणाशिवाय चकाकी टिकत नाही. दाजींनी विचारलं, "मेण कशाचं?" मिस्त्री म्हणाला, "मधमाशांचं." संपलं! दाजी पक्के जैन. ज्या घरात मध औषधालासुद्धा येत नव्हता, तिथं पोळ्याचं मेण कुठून येणार? "एवढ्या जिवांचा संसार मोडून मी गाडी चमकवू व्हय रं?" असं म्हणून त्यांनी मिस्त्रीकडचं पालिश ठेवून घेतलं आणि त्याला मेणाच्या डबीसकट परत लावून दिलं. मी म्हटलं, "दाजी, मेणबत्तीचं लावा की. ते माशांचं नसतंय." तर म्हणाले, "मेण ते मेण. तू मधी पडू नको."

मग सुरू झालं घासणं. पालिशनं मोटार आरशासारखी व्हायची, दाजी तिच्यात बघून पटका बांधायचे. मेण नसल्यामुळं पंधरवड्यात ती पुन्हा विटायची, की दाजी पुन्हा घासायला बसायचे. पालिश संपल्यावर गोवरीची राख वस्त्रगाळ करून खोबरेलात कालवली. त्या तेलावर वखारीतली तंबाखूची धूळ अशी बसली, की मोटारीजवळ गेलेला माणूस शिंकूनच परत यायचा. तेव्हा धुऊन पुन्हा घासणं आलं. कावळे हाकलायला रिकामा डबा आणि काठी कायम हाताशी. आक्काची वाकळ मोटारीवर, आक्का घोंगडीवर. चिकोडीला काम निघालं की बैलगाडी जुंपायचे. मी विचारलं, "अवो, मोटार हाय न्हवं?" तर म्हणाले, "वाटंला धूळ किती हाय बघितलंस का?" संध्याकाळी आक्का दारातून ओरडायची, "अवं, दिवस बुडाला! जेवाय या!" हे म्हणायचे, "एवढा दरवाजा झाला की आलोच." दरवाजा व्हायचा तोवर अंधार पडायचा, आणि अंधारानंतर जैनाला घास चालत नाही. मोटारीपायी दाजी निम्मे झाले. आक्का दर अमावास्येला लुगडं बाहेर काढायची आणि घडी न मोडताच आत ठेवायची.

घासलेलं फडकं मला दाखवून दाजी म्हणायचे, "बघ, किती घाण निघतीया!" फडकं डाळिंबी झालेलं असायचं.

"दाजी, घाण न्हाय, रंग हाय त्यो."

"तुझी शाळा चवथीपातूर. गप."

"रंग वळखाय चवथी बी लागत न्हाय."

शेवटी व्हायचं तेच झालं. एका अमावास्येला सकाळी सकाळी बॉनेटवरचा उरलासुरला रंग फडक्यात आला आणि खाली नुसता पत्रा उघडा पडला. बाकीच्या अंगावर आधीच ठिगळं दिसत होती. दाजी जोत्यावर बसून राहिले. मोटारीवर कावळा येऊन बसला, तरी डबा वाजवला नाही. एवढ्यात आक्का तेच इरकली नेसून, डागाचा पदर खांद्यावर घेऊन बाहेर आली, दार उघडून मोटारीत बसली.

"चला."

"आगं, रंग न्हाय र्‍हायला गाडीला."

आक्कानं डागाचा पदर दारावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत पुसला आणि त्यांच्यापुढं धरला. "ह्यो जुना डाग सोडून काय लागलंय का बघा. बोललासा तशी केलीसा न्हवं गाडी? चला आता."

दाजी उठले. मोटार स्तवनिधीच्या घाटात चढली तेव्हा तिच्यावर धुळीचा थर बसला होता आणि दाजींनी एकदाही उतरून पुसला नाही. पुढच्या वर्षी आक्का गेली. त्यानंतर दाजींनी मोटारीला फडकं लावलं नाही. ती अंगणातच गंजली आणि भंगारवाल्यानं तुकड्यातुकड्यानं नेली.

आक्काचं ते लुगडं माझ्याकडं आलं. बोहारीण त्याच्यावर चांगलं पातेलं देत होती. मी दिलं नाही. त्या मोटारीचा रंग आता तेवढ्या पदरावरच उरलाय.