देपालपुरचं तीर्थ

पाय कापायचा ठरला, तेव्हा माझा देवावरचा विश्वास उडाला असं म्हणणार नाही. मी त्याच्याशी बोलणं टाकलं होतं, इतकंच. मध्यभारत राज्य नुकतं झालेलं, यजमानांची महसुलातली बदली देपालपुरहून इंदूरला झालेली, छत्रीबागेत घर आणि घरात नळ. सगळं सुरळीत चाललेलं असताना उजवा घोटा सुजला, ताप येऊ लागला. इस्पितळातल्या तरुण डॉक्टरांना हाडाचा क्षय वाटला. औषधानं उतार पडेना, तेव्हा ते म्हणाले, पाय ठेवून चालणार नाही. पदरात दोन लहान मुली. त्यांच्यामागे धावायचं कोणी, एवढंच मनात येई.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी शेजारच्या खाटेवरच्या बाईंना भेटायला त्यांच्या नात्यातले एक वयस्क डॉक्टर आले. आमचा त्यांचा काही संबंध नव्हता. जाता जाता माझ्या पायाकडे पाहून थबकले.

"राहता कुठं?"

"छत्रीबागेत," यजमान म्हणाले.

"अभी का नहीं पूछ रहा, भिया. पिछले साल कुठं होतात?"

"देपालपुरला."

"पाणी बावडीचं?"

"बावडीचंच, पण चारपदरी फडक्यातून गाळलेलं," मी तोऱ्यात सांगितलं. सोवळ्याओवळ्यात मी कोणाला हार जाणारी नव्हे. मग आठवलं, बावडीच्या पायऱ्या उतरून तिथल्या देवीचं तीर्थ, म्हणजे तेच पाणी, मी दर शुक्रवारी ओंजळीनं तसंच पीत असे. ते सांगितलं आणि वर म्हटलं, "तीर्थ कोणी गाळतं का, डॉक्टरसाहेब?"

ते हसले नाहीत. "नारू वाटतोय, पाण्यातून येणारा जंत. पाणी पोटात गेल्यावर वर्षभरानं निघतो. घर बदललं तरी पाणी बरोबर येतं, बाई. कापायची घाई नको."

त्यांनीच तरुण डॉक्टरांशी बोलून घेतलं. थोड्याच दिवसांत घोट्यावरचा फोड फुटला आणि आत पांढरा दोरा दिसला. तो काडीला रोज थोडाथोडा गुंडाळायचा. यजमान म्हणत, एकदाचा ओढून टाकू. डॉक्टरांनी बजावलं, ओढलात तर आत तुटेल, मग पाय वाचेल याची खात्री नाही. मी आजवर प्रत्येक गोष्ट ओढूनच आणली होती, संसार, व्रतं, अगदी देवसुद्धा. आता नुसतं पाय सैल सोडून पडायचं होतं. फार जड गेलं. पण त्या दिवसांत मी देवीकडे काही मागितलं नाही, आणि तिच्यावरचा राग कधी गेला तेही कळलं नाही.

सासूबाई म्हणतात, तिनंच दुखणं दिलं, तिनंच माणूस धाडला. मला ठाऊक नाही. नारूचं शेवटचं टोक निघालं तेव्हा ते वयस्क डॉक्टर मुद्दाम पाहायला आले होते. मी हात जोडले. समोर ते उभे होते. माझे डोळे मात्र मिटलेले होते.