बॉनेटखालच्या अक्षता

मीटर बॉनेटवर टेकवला आणि आकडा पाहून मी मान वर केली.

"सर, गाडीला रंग दिलाय."

"दिलाय," सर म्हणाले.

"ठोकली होती?"

"नाही."

"मग रंग कशाला दिला?"

सर चष्मा पुसायला लागले. "ते सोडा. ठोकलेली नाही, एवढं मी सांगतो."

जुन्या गाड्या तपासणं हा माझा धंदा. घेणाऱ्यानं बोलावलं की जायचं, गाडी वरून-खालून पाहायची आणि घ्यावी की नाही ते सांगायचं. माझ्या हातातला मीटर पत्र्यावरच्या रंगाची जाडी दाखवतो. कंपनीचा रंग पातळ असतो. आकडा दुप्पट आला, म्हणजे तिथं रंग पुन्हा मारलाय. आणि पुन्हा मारलाय, म्हणजे बहुतेक वेळा त्याखाली काहीतरी झाकलंय. "मी सांगतो ना" म्हणणारे मालक मला रोज भेटतात. मास्तर असो की मंत्री, मी मीटरचंच ऐकतो.

नांदेडच्या एका कॉलनीत सरांच्या दारात आम्ही उभे होतो. सर रिटायर होऊन बरीच वर्षं झालेली. आता डोळे साथ देईनात म्हणून गाडी विकायला काढलेली. घेणारा बालाजी हा त्यांचा हिमायतनगरच्या शाळेतला विद्यार्थी, आता तिथंच शेती करतो. बायकोला घेऊन आला होता. घरातली पहिलीच गाडी. "सरांची हाय, तपासायचं काय त्यात?" म्हणत होता. सरांनीच त्याला दटावलं, "विद्यार्थी आहेस म्हणून डोळे झाकून घेऊ नकोस," आणि मला बोलावायला लावलं. आता सरच अडकले होते. बालाजी त्यांच्याकडे न बघता टायर बघत होता.

मी मागे गेलो. डिकीवरही आकडा दुप्पट. बाजूला जाऊन ऑफिसला फोन लावला.

"पुढं-मागं दोन्हीकडे रंग आहे शेठ. मालक कारण सांगत नाहीत."

"मग विचार कसला करून राहिला? नको म्हणून सांग. उद्या घेणारा आपल्या नावानं ओरडंल."

शेठचं बरोबर होतं. पण एक गोष्ट मला जुळत नव्हती. गाडी पुढून आणि मागून ठोकली, तर आतला पत्रा कुठंतरी वाकडा सापडतोच. इथं बॉनेटच्या बोल्टला कधी पाना लागलेला नव्हता. डिकीतलं स्टेपनीच्या खालचं जोडकाम जसंच्या तसं. धड गाडीला कुणी उगाच रंग का मारेल?

मी पुन्हा बॉनेट उघडलं. काचेखाली, वायपरच्या पायथ्याशी एक पन्हळ असते. तिथं पानं-कचरा साठतो आणि धुताना पाणी पोचत नाही. सवयीनं बोट घातलं. वाळकी पानं निघाली. मग झेंडूच्या चुरगळलेल्या पाकळ्या. आणि त्यात तांदूळ. कुंकवाचा रंग फिका पडला होता, पण अक्षताच होत्या.

"लग्नाला दिली होती का गाडी?" मी विचारलं.

सरांनी चष्मा पुन्हा पुसायला घेतला. बोलल्या त्या शेजारच्या पुष्पाबाई. आमच्यासाठी चहा घेऊन आल्या होत्या आणि ट्रे हातात धरून मघापासून सगळं ऐकत होत्या.

"आमच्या स्वातीच्या लग्नाला होती की," त्या म्हणाल्या. मग माझ्या तळहातावरच्या तांदळाकडे बघत राहिल्या. "सर, लग्न झाल्यावर गाडी लई दिवस दिसली नव्हती. सर्व्हिसिंगला गेली म्हणाले तुम्ही."

"गेलीच होती."

"सजवणाऱ्या पोरांनी पुढं-मागं फुलं टेपनं चिकटवली होती. मे महिन्याचं ऊन. टेपचा डिंक निघंना म्हणून दाढीच्या पत्तीनं खरडून राहिले होते. मी डोळ्यांनी पाहिलं ना! त्यात रंग गेला, हाव की न्हाई?"

सरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "अहो ताई, गाडीच ती."

"मला बोलले का न्हाई?"

"लेक नुकतीच सासरी गेलेली. तुम्ही दिवसभर दारात बसून राहायच्या. त्यात तुम्हाला रंगाचं काय सांगायचं?"

पुष्पाबाईंनी ट्रे दारातल्या ओट्यावर ठेवला आणि पदर डोळ्याला लावला. सर दुसरीकडे बघायला लागले.

मला माझ्या थोरल्या बहिणीचं लग्न आठवलं. तेव्हा आमच्याकडे नवरा-नवरीला डिकीवालीच गाडी लागायची, नाहीतर वऱ्हाडात नाकं मुरडली जायची. गल्लीत एखाद्याकडेच ती असायची आणि गल्लीतल्या सगळ्या मुलींची पाठवणी तिच्यातूनच व्हायची. ताईची तशीच झाली. गाडी वळणाआड गेली तरी वडील हात हलवत उभे होते. पण ती गाडी परत गेल्यावर मालकाला काय दिसलं असेल, हे आमच्या घरात कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं.

"घ्या गाडी," मी बालाजीला म्हणालो. "ठोकलेली नाही."

"ते सरांनी मघाच सांगितलं होतं," तो म्हणाला आणि खाली वाकून सरांच्या पाया पडला. त्याची बायको मला हळूच म्हणाली, "दादा, ते तांदूळ तितंच असू द्या." मी ते परत पन्हळीत सोडले. शेठ फोनवर चिडले, मग कारण ऐकून "लिहून दे तसं" म्हणाले.

पुढच्या लग्नसराईत कामासाठी हिमायतनगरला गेलो होतो. मांडवासमोर तीच गाडी. गळ्यातल्या उपरण्यानं घाम पुसत बालाजी सजवणाऱ्यांवर ओरडत होता, "टेप न्हाई लावायची म्हनलो ना! दोऱ्यानं बांधा." पुढच्या सीटवर काळा चष्मा लावून सर बसले होते. त्यांना मानानं आणलं होतं.

जुनी गाडी घ्यायला जाल तेव्हा मीटर लावाच, पण वायपरखाली एकदा बोटही घाला. आणि लग्नाला गाडी दिलीत, तर चावी देण्याआधी सजवणाऱ्याच्या हातातली टेप काढून घ्या.